काशीचा एंजिन-कारखाना आणि ऊर्जेची काटकसर

काशी म्हटले की मराठी मनापुढे गंगेचे घाट उभे राहतात, अहिल्याबाईंनी बांधविलेले विश्वेश्वराचे मंदिर आठवते. परंतु घाटांपासून थोड्या अंतरावर, मंडुवाडीहच्या बाजूस, ह्याच नगरीत एक निराळे क्षेत्र आहे. तेथे यात्रेकरू जात नाहीत. एप्रिल १९५६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे रेल्वे-एंजिनांच्या कारखान्याची कोनशिला बसली. ऊर्जेच्या काटकसरीचे राष्ट्रीय धोरण भारतात कसे घडत गेले हे पाहावयाचे असेल, तर दिल्लीच्या दप्तरांइतकाच हा कारखाना उपयोगी पडतो.

कारखाना निघाला त्या वेळी देशातील बहुतेक गाड्या वाफेवर चालत. वाफेचे एंजिन दिसावयास भव्य. पण त्यासारखा उधळ्या प्राणी विरळा. भट्टीत टाकलेल्या कोळशातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी सहा-सात भागच गाडी ओढण्याच्या कामी येत; उरलेले धुराड्यावाटे आणि वाफेबरोबर आकाशात जात. एंजिन उभे असले तरी भट्टी पेटती ठेवावी लागे. शिवाय हा कोळसा खाणींपासून दूरदूरच्या शेडपर्यंत पोचविण्यास पुन्हा रेल्वेचेच डबे गुंतत. डिझेल एंजिन तेलातील उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा कामास लावते. हा फरक कोणत्याही हिशेबनिसास पटण्याजोगा होता.

अमेरिकेतील अल्को कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये काशीचा कारखाना उभा राहिला आणि ३ जानेवारी १९६४ रोजी तेथील पहिले डिझेल एंजिन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाले. शास्त्रीजींचा जन्म जवळच्याच मुगलसराईचा. कोनशिला बसली तेव्हा रेल्वेखातेही त्यांच्याचकडे होते. २,६०० अश्वशक्तीची ही एंजिने पुढे देशभर धावली. त्या काळी ह्या बदलास ऊर्जाधोरण असे कोणी म्हणत नसे. तो गाड्या वेळेवर व स्वस्तात ओढण्याचा प्रश्न मानला जाई.

धोरणाचा विचार सक्तीने करावयास लावला तो १९७३ च्या तेलसंकटाने. काही महिन्यांत तेलाचे भाव चौपट झाले, आणि जे इंधन काटकसरीचे म्हणून स्वीकारले तेच परदेशी चलनावरील ओझे ठरले. सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखाली १९७० मध्ये नेमलेल्या इंधनधोरण समितीचा अहवाल १९७४ मध्ये आला. पुढे १९७८ मध्ये तेलाच्या बचतीसाठी स्वतंत्र संस्था निघाली. भित्तिपत्रके लागली, व्याख्याने झाली. ती निरुपयोगी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र नुसत्या आवाहनाला माप नसते. अमुक कारखान्याने किती वाचवावे, न वाचविल्यास काय, हे त्यात कोठेच सांगितलेले नसते.

हे माप २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने आणले. १ मार्च २००२ रोजी त्याच्या अंमलासाठी ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. सिमेंट, पोलाद, कागद, साखर अशा इंधनखाऊ उद्योगांची यादी कायद्याला जोडली गेली; तीत रेल्वेचेही नाव होते. २०१२ पासून ४७८ मोठ्या कारखान्यांना प्रत्येकी तीन वर्षांचे उद्दिष्ट ठरवून दिले गेले. प्रत्येक टन मालामागे किती ऊर्जा जळते, हा त्याचा पाया. उद्दिष्टापलीकडे वाचवील त्याला प्रमाणपत्रे, आणि मागे राहील त्याने ती विकत घ्यावीत, अशी व्यवस्था होती. पहिल्या फेरीचे उद्दिष्ट तेलाच्या परिमाणात सुमारे ६७ लाख टनांचे होते. बचत सुमारे ८७ लाख टनांची झाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत रेल्वेही आली.

तोवर काशीच्या कारखान्यापुढे निराळेच संकट उभे राहिले होते. विजेची गाडी महाराष्ट्रास नवी नव्हे. बोरीबंदर ते कुर्ला ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजीच धावली. परंतु सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रुंद मार्गाच्या उरलेल्या १३,६७५ किलोमीटरांच्या विद्युतीकरणास मान्यता दिली, आणि डिझेलसाठीच जन्मलेल्या कारखान्याने आता काय घडवावे, हा प्रश्न हजारो कारागिरांच्या पोटाशी येऊन भिडला. त्यांनी २०१७ च्या सुमारासच विजेची एंजिने बांधावयास घेतली होती. त्याहून धाडसाचा प्रयोग म्हणजे दोन जुनी डिझेल एंजिने उकलून त्यांचे १०,००० अश्वशक्तीचे जोड विद्युत-एंजिन करणे. २२ डिसेंबर २०१७ रोजी आरंभिलेले हे काम ६९ दिवसांत संपले. अशी रूपांतरे पुढे मोजकीच झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये कारखान्याच्या नावातून ‘डिझेल’ हा शब्द गेला आणि ‘बनारस’ हा आला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वीज कोळशाच्या केंद्रातून येत असेल तर तेथेही उष्णतेचा सुमारे तिसराच हिस्सा विजेत उतरतो, आणि तारांतून येताना आणखी काही गळतो. तेव्हा विद्युत-एंजिन जन्मतःच काटकसरी आहे असे मानणे भाबडेपणाचे होय. त्याचा लाभ अन्यत्र आहे: नव्या पद्धतीचे एंजिन ब्रेक लावताना आपल्या गतीची वीज करून ती तारेत परत सोडते, आयात तेल लागत नाही, आणि वीज उद्या पाण्यापासून वा सूर्यापासून आली तर एंजिन बदलावे लागत नाही.

काशीच्या कारखान्यात डिझेल अगदी थांबलेले नाही. १९७६ मध्ये टांझानियापासून सुरू झालेली निर्यात पुढे मोझांबिकपर्यंत पोचली. त्या देशांसाठी तेथे डिझेल एंजिने घडत राहिली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच आवारात, दोन रुळांच्या मधल्या रिकाम्या जागेत, ७० मीटर लांबीवर २८ सौरपट्ट्या बसविण्यात आल्या. त्यांची शक्ती अवघी १५ किलोवॉट. रुळांच्या दुरुस्तीच्या वेळी त्या उचलून बाजूला ठेवता येतात.