देवाच्या दारातला दावा

वारीच्या वाटेवर आजही कोणी सांगतो, कोर्टाने बडव्यांना देवळातून काढले. दुसरा म्हणतो, सरकारने देवच ताब्यात घेतला. दोन्ही बोलणी अर्धी आहेत. ज्या दाव्याचा निकाल आपल्या पांडुरंगाच्या दारात लागला, तो आपण नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

आधी जुनी व्यवस्था पाहा. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीमातेकडे उत्पात आणि त्यांशिवाय सात सेवाधारी. पुजाऱ्याने पूजा करावी, बेणाऱ्याने मंत्र म्हणावेत, परिचारकाने पाणी आणावे, हरिदासाने पदे गावीत, डिंगऱ्याने देवाला आरसा दाखवावा, दिवट्याने दिवटी धरावी, डांग्याने चांदीची काठी घेऊन उभे राहावे. किती गोड रचना! आक्रमणाच्या काळात मूर्ती हलवून, लपवून बडव्यांनीच सांभाळली असे परंपरा सांगते. ते ऋण आपण नाकारू नये. पण सेवेचा हक्क झाला, हक्काची मिळकत झाली आणि मिळकतीची बापाकडून मुलाकडे वाटणी झाली. देवापुढच्या उत्पन्नाचा हक्क बडव्यांमध्ये लिलावाने जाऊ लागला. ज्याने बोली लावून दिवस घेतला, तो समोरच्या वारकऱ्याच्या मुखाकडे पाहील की कनवटीकडे, हे तुम्हीच सांगा.

दार कोणाचे, हा प्रश्न तर याहून जुना. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आत नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा हरिजनांसाठी ते दार उघडले. मात्र आतला वंशपरंपरेचा हक्क तसाच राहिला.

पुढे शासनाने नाडकर्णी आयोग नेमला, आणि त्या चौकशीनंतर पंढरपूर मंदिरे अधिनियम, 1973 हा कायदा झाला. बडवे, उत्पात, सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करून कारभार समितीकडे द्यावा, असे त्यात ठरले. बडवे मंडळी न्यायालयात गेली. 1985 पासून समिती कारभार पाहू लागली तरी दावा चालूच राहिला. अखेर 15 जानेवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचा दावा फेटाळला. कायदा झाला तेव्हा जन्मलेले मूल तोवर चाळिशीला आले होते!

आता यातला मुद्दा. उपासना हा धर्म आहे आणि राज्यघटनेने त्याला संरक्षण दिले आहे. पण पूजा कोणी करावी याची नेमणूक ही लौकिक बाब आहे. तामिळनाडूच्या शेषम्माळ खटल्यात 1972 सालीच सर्वोच्च न्यायालयाने हा भेद केला होता. अर्चकाला शास्त्र आले पाहिजे, हे न्यायालयाने मान्य केले. अर्चकाचा मुलगाच अर्चक व्हावा, हे मानले नाही. पुराणिकाचा मुलगा पुराण सांगू शकला तर आनंदच, पण व्यासपीठ काही त्याच्या सातबाऱ्यावर चढत नाही. म्हणून देव सरकारजमा झाला असे म्हणणाऱ्याला विचारावे, काकडआरती थांबली का? नित्योपचार थांबले का?

2014 मध्येच समितीने पुजाऱ्यांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. मला स्वतःला ही गोष्ट निकालाएवढीच मोठी वाटते.

तथापि समितीलाही मोकळे सोडू नका. बडव्यांना जो हिशेब आपण विचारत होतो, तोच तिलाही विचारायचा आहे: दानपेटीतला पैसा कुठे गेला, दर्शनबारीत उभ्या म्हातारीला पाणी मिळाले का? शासनाचा हात देवळात किती असावा, ही शंकाही काही खोटी नाही. 2023 मध्ये या कायद्यालाच आव्हान देणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. तिची बातमी वाचाल तेव्हा एवढे पाहा, की वाद पूजेचा चालला आहे, कारभाराचा, की उत्पन्नाचा.