पडद्यावरून भिंतीवर

१८७१ साली लंडनच्या ऑलिम्पिक थिएटरसाठी फ्रेडरिक वॉकर या चित्रकाराने ‘द वूमन इन व्हाइट’ नाटकाचे पोस्टर काढले. ओठांवर बोट ठेवून, दार उघडून चांदण्या रात्रीत निघालेली बाई. लाकडी ठशावरून छापलेले ते चित्र रस्त्यावरच्या भिंतींवर झळकले.

नऊ वर्षांनी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. मराठी नाटक कंपन्यांची जाहिरात मात्र मुख्यतः हँडबिलावरच्या अक्षरांवरच चाले. रंगीत छपाईचे ज्ञान आपल्याकडे नव्हते, असे नाही. पुण्यात १८७८ पासून ‘चित्रशाळा’ हा छापखाना होता. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईहून मळवलीला आला. पण शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि त्यावर चित्र उलटे काढावे लागे. घरोघरी खपणाऱ्या लक्ष्मी-सरस्वतीसाठी हा खटाटोप परवडे. आज इथे, उद्या तिथे मुक्काम टाकणाऱ्या कंपनीला तो जडच जाणार.

चित्रकाराची खरी कमाल असे ती थिएटरच्या आत. महाल, रस्ता, जंगल असे एकेक दृश्य हातभर नव्हे, रंगमंचभर कापडावर उभे करायचे आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते खरे वाटले पाहिजे! कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या कामात नावाजले. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’ नाटक कंपनीसाठीही त्यांनी पडदे रंगवले. रंगकामामुळेच मेस्त्रींचे ‘पेंटर’ झाले.

दोघांना सिनेमाचा ध्यास लागला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा बनवण्याचे अर्धे राहिलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने तडीस नेले. १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट लागला.

आपल्या चित्रपटांची पोस्टरे बाबूराव स्वतःच रंगवत. दुरून डोळ्यांत भरेल असे चित्र कसे मांडायचे, हे पडद्यांनी त्यांच्या हातात मुरवले होते. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे पोस्टर हे भारतीय चित्रपटाचे टिकून राहिलेले सर्वांत जुने पोस्टर मानले जाते. चित्रपटांच्या इतिहासात त्याचा उल्लेख हमखास येतो. त्याचे मूळ ज्या नाटकाच्या पडद्यांत आहे, त्यांचा उल्लेख फार थोडे करतात, आणि हा त्या कारागिरांवर अन्याय आहे.

बाबूरावांच्या हाताखालचे दामले आणि फत्तेलाल पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या संस्थापकांत होते. १९३६ चा ‘संत तुकाराम’ या जोडीनेच दिग्दर्शित केला.