अक्षरापूर्वीचा धडा

मुलाच्या हाती पाटी देण्यापूर्वी त्याचे हात त्याच्या स्वाधीन करावे लागतात. १९०७ साली रोममधील बालगृहात डॉ. माँटेसोरी यांनी हात धुणे, गुंड्या लावणे यांनाही शिक्षणाचा मान दिला. १९४५ साली ताराबाई मोडक तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस आल्या, तेव्हा गरिबांची मुले बालवाडीत येईनात. मग ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या वस्तीच्या अंगणात नेली. तेथे स्नान, नखे काढणे, केस विंचरणे हाच पहिला पाठ. महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, खडे, पाने. आपले आपण करता येऊ लागले, की मूल शाळेला बुजत नाही. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतील ‘अंगणवाडी’ या नावात ते अंगण अजून नांदत आहे.