एकाचा स्टिकर, दुसऱ्याचं ॲप

साकीनाका मेट्रो स्थानकाचा जिना उतरून अंधेरी-कुर्ला रस्त्याला लागलं, की चहाची टपरी, वडापावची गाडी, मोबाईलची कव्हरं विकणारा अशी रांगच लागते. दुपारी खैरानी रोडच्या गाळ्यांतून कामगार बाहेर पडतात, तेव्हा इथे उभं राहायलाही जागा नसते. वडापाव हातात पडतो, गिऱ्हाईक विचारतं, “स्कॅनर कुठाय?” गाडीवाला तेलकट हातानेच काचेकडे बोट दाखवतो. काचेवरचा निळा स्टिकर पेटीएमचा. गिऱ्हाईकाच्या फोनवर उघडलेलं ॲप फोनपेचं. त्याचं खातं स्टेट बँकेत, गाडीवाल्याचं तिसऱ्याच बँकेत. दोन सेकंदांत कोपऱ्यातला डबा पैसे आल्याचं ओरडून सांगतो. डबाही पेटीएमचाच, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या ॲपमधून पैसे आल्याची दवंडी ही कंपनी स्वतःच्या डब्यातून पिटते. रांगेतल्या कुणालाच त्यात नवल वाटत नाही.

मला मात्र हे नवल वाटतं. एका कंपनीच्या दारातून दुसऱ्या कंपनीचं ॲप घेऊन आत जायचं, आणि दारवानाने हसून सलाम करायचा, ही रीत व्यापारात आपोआप जन्माला येत नाही. दहा वर्षांपूर्वी ती नव्हतीच. २०१६ च्या नोटाबंदीत ज्यांनी मोबाईल वॉलेटमध्ये पैसे भरले, त्यांना आठवत असेल: एका वॉलेटमधला रुपया दुसऱ्या वॉलेटमध्ये जात नसे. दुकानदाराकडे ज्या कंपनीचा स्टिकर, तिचंच वॉलेट गिऱ्हाईकाकडे असायला हवं. नसेल तर दोघंही हताश. म्हणून मग एकेका काउंटरवर चार-चार स्टिकर चिकटलेले असत.

दुसऱ्याला आपलं दार उघडण्याच्या या रिवाजाचं मूळ शोधायला एटीएमपर्यंत मागे जावं लागतं. भारतातलं पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईतच बसलं, एचएसबीसी बँकेचं. पुढे कितीतरी वर्षं ज्या बँकेचं कार्ड, त्याच बँकेचं यंत्र. १९९७ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनने मुंबईत ‘स्वधन’ नावाचं जाळं उभारलं आणि त्यात सामील झालेल्या बँकांची यंत्रं एकमेकींच्या कार्डांना उघडली. स्वधन फार जगलं नाही. त्याच्या जागी २००४ मध्ये नॅशनल फायनान्शियल स्विच आलं, आणि १ एप्रिल २००९ पासून रिझर्व्ह बँकेने दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढण्याचं शुल्कही बंद करायला लावलं. नंतर फुकट फेऱ्यांवर मर्यादा आली, पण दार उघडलं ते उघडलंच. त्याच वर्षअखेरीस हे स्विच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे आलं. आजच्या यूपीआयची ही मातृसंस्था. तिचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, साकीनाक्याहून फार लांब नाही.

स्टिकरवरच्या चौकोनी जाळीचं घराणं वेगळं, जपानचं. टोयोटा समूहातल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये क्यूआर कोड तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. कंपनीकडे त्याचं पेटंट होतं, तरी ठरलेल्या मानकाप्रमाणे जो वापरेल त्याच्याकडून पैसे मागायचे नाहीत असं तिने ठरवलं. हा निर्णय झाला नसता तर वडापावच्या गाडीवर तो चौकोन कधी पोचला असता, कोण जाणे.

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची सुरुवात झाली, २१ बँकांबरोबर. ऑगस्टअखेरीस बँकांची ॲप लोकांच्या हाती येऊ लागली. त्यात तंत्राइतकंच मोलाचं होतं ते एक कलम: खातं कुठल्याही बँकेत असो, ॲप कुठल्याही बँकेचं चालेल, आणि पैसे कुणालाही जातील. साध्या स्कॅनरने एखाद्या दुकानातला यूपीआय कोड वाचून पाहिला, तर आत फक्त एक ओळ निघते. आधी ‘यूपीआय’, मग ‘पे’, मग पैसे घेणाऱ्याचा पत्ता आणि त्याचं नाव. कंपनीचा रंग, तिचं बोधचिन्ह, सगळं बाहेर छापलेलं. आतल्या ओळीला कुलूप नाही. पत्त्याच्या शेपटीवरून तेवढं कळतं, की मागे कुठली बँक उभी आहे. फोनवरही हीच तऱ्हा. रिक्षाचं भाडं किंवा विजेचं बिल भरताना ‘पैसे भरा’ दाबलं, की फोन तुमच्याकडची सगळी पैशांची ॲप पुढ्यात मांडतो आणि विचारतो, यातलं कुठलं?

कलम कागदावर होतं, पण ते पाळलं जाईल का, हा प्रश्न लवकरच आला. जानेवारी २०१७ मध्ये आयसीआयसीआय बँकेने फोनपेवरून होणारे आपल्या ग्राहकांचे व्यवहार अडवले. फोनपे तेव्हा फ्लिपकार्टच्या मालकीचं होतं आणि त्यामागे येस बँक होती. आयसीआयसीआयने सुरक्षिततेचा मुद्दा काढला, शिवाय फोनपे ग्राहकाला बँक निवडू देत नाही असंही म्हटलं. फोनपेने आरोप नाकारले. एनपीसीआयला मध्ये पडावं लागलं. फेब्रुवारीत व्यवहार पुन्हा सुरू झाले.

स्टिकरांची गर्दी मात्र तशीच होती. यूपीआयचे कोड वेगळे, कार्डांसाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेला भारत क्यूआर वेगळा, आणि काही कंपन्यांचे स्वतःचे कोड, जे दुसऱ्या कुणाला वाचता येत नसत. डिसेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा गुंता सोडवायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक. साकीविहार रस्त्याने सरळ निघालं की पवईला जिथे पोचतो, तिथलेच. समितीच्या अभ्यासानंतर, २२ ऑक्टोबर २०२० च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलं: कुणीही नवा खासगी कोड काढायचा नाही, आणि जुने असतील ते ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना वाचता येतील अशा कोडांत बदलायचे. ओळखीची पूर्ण पडताळणी झालेली वॉलेटंही त्याच तारखेपर्यंत एकमेकांना खुली करायला लावली. साकीनाक्याच्या काचांवरून चार स्टिकर जाऊन एक उरला, त्यामागे हा कागद आहे. तो लोकांच्या फारसा लक्षात नाही, याचं मला वाईट वाटतं.

या व्यवस्थेची खरी परीक्षा मात्र ५ मार्च २०२० च्या रात्री झाली. त्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले. खातेदाराला महिन्याभरात ५०,००० रुपयांपलीकडे काढता येणार नव्हते. फोनपेचा सगळा यूपीआय कारभार त्या एकाच बँकेवर होता. ॲप गप्प झालं. गुगल पेचा कारभार चार बँकांवर विभागलेला होता, त्यामुळे त्यांच्याकडे गडबड नव्हती. फोनपेच्या लोकांनी मग रातोरात दुसरी बँक गाठली आणि साधारण एका दिवसात ॲप पुन्हा चालू केलं. ती दुसरी बँक कुठली, तर आयसीआयसीआय. तीन वर्षांपूर्वी जिने वाट अडवली होती, तीच. एका बँकेचा आधार काढून दुसरीचा लावला आणि त्याच फोनवरून, त्याच ॲपमधून पैसे पुन्हा जाऊ लागले. बंद, एकट्या कंपनीच्या जाळ्यात हे शक्यच झालं नसतं.

२०२४ मध्ये पुन्हा तेच, याहून मोठ्या प्रमाणावर. ३१ जानेवारीला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कडक निर्बंध जाहीर केले, आणि मार्चच्या मध्यापासून तिचं बरंचसं काम थांबणार होतं. गाडीवाल्यांच्या पोटात गोळा आला, कारण काचेवरचा स्टिकर तिचाच. १४ मार्चला एनपीसीआयने पेटीएमला बाहेरच्या बँकांच्या आधाराने यूपीआय चालवायची परवानगी दिली: ॲक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक. चार वर्षांपूर्वी जी स्वतः संकटात होती, ती येस बँक आता दुसऱ्याला हात देत होती. ज्यांचं खातं आधीपासून दुसऱ्या बँकेत होतं, त्या दुकानदारांचा स्टिकरही बदलला नाही, डबाही नाही.

चीनमध्ये फोनने कोड वाचून पैसे भरण्याची पद्धत आपल्याआधी रुळली, पण ती दोन कंपन्यांच्या दोन वाड्यांत. अलीबाबाच्या ताओबाओ बाजारात वुईचॅटने पैसे भरण्याची सोय अगदी २०२४ च्या सप्टेंबरात झाली, तीही सरकारने काही वर्षं दबाव आणल्यावर. आपल्याकडे ती मोकळीक पहिल्या दिवसापासून नियमात होती. ऑगस्ट २०१६ मध्ये यूपीआयवर महिन्याला लाखभरही व्यवहार नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये ते २००० कोटींवर गेले.

तरी सगळं मोकळं झालेलं नाही. पैसे आल्याचं सांगणारा डबा अजून कंपनीला बांधलेला आहे. स्टिकर बदलला की तो परत द्यायचा, नव्या कंपनीचा भाड्याने घ्यायचा. आणि ॲप भरपूर असली तरी ८० टक्क्यांच्या आसपास व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोघांतूनच होतात. कुणा एकाकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त वाटा असू नये, असा नियम एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये केला. तो अमलात आणायची मुदत एकदा वाढली, पुन्हा वाढली, आणि शेवटच्या वाढीत ती ३१ डिसेंबर २०२६ वर नेऊन ठेवली आहे. एनपीसीआयने ती आणखी पुढे ढकलू नये, असं मला मनापासून वाटतं. २०२० मध्ये फोनपे गप्प झालं तेव्हा दुसरी ॲप चालू होती, म्हणून लोकांचं भागलं.