इव्होन द गॉल

इव्होन द गॉल, माहेरच्या व्हाँद्रू (२२ मे १९००, काले – ८ नोव्हेंबर १९७९, पॅरिस), या फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या पत्नी आणि बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुलींसाठी स्थापन झालेल्या ‘अ‍ॅन द गॉल प्रतिष्ठान’ या संस्थेच्या संस्थापक होत्या. त्यांचे वडील काले येथील बिस्किट उत्पादक होते. ७ एप्रिल १९२१ रोजी त्यांचा विवाह झाला. फिलिप, एलिझाबेथ आणि अ‍ॅन ही त्यांची अपत्ये.

अ‍ॅन आणि प्रतिष्ठान

धाकटी अ‍ॅन १ जानेवारी १९२८ रोजी जन्मली. तिला डाउन सिंड्रोम होता. अशा मुलांना संस्थेत ठेवण्याची किंवा त्यांच्याविषयी वाच्यता न करण्याची त्या काळी सुखवस्तू घराण्यांत रीत होती. द गॉल दांपत्याने मात्र तिला कायम घरातच वाढवले. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव होत असताना इव्होन मुलांना घेऊन ब्रेस्ट बंदरातून जहाजाने इंग्लंडला पोहोचल्या, तेव्हाही अ‍ॅन सोबत होती.

आपल्या पश्चात अ‍ॅनचे कसे होणार, ही चिंता प्रतिष्ठानाच्या मुळाशी होती. मात्र तिच्यापुरती तजवीज करून इव्होन थांबल्या नाहीत. ज्यांच्या पालकांची ऐपत नाही अशा मुलींनाही हक्काचे घर मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. १९४५ मध्ये प्रतिष्ठान स्थापन झाले. पॅरिसच्या नैर्ऋत्येस मिलाँ-ला-शापेल या गावी त्यासाठी एक प्रशस्त वाडा घेण्यात आला. अ‍ॅनचे ६ फेब्रुवारी १९४८ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, न्यूमोनियाने निधन झाले. जिच्यासाठी हे सारे उभारले तीच गेली, तरी काम चालू राहिले. शार्ल द गॉल यांनी आपल्या युद्धविषयक आठवणींच्या ग्रंथाचे मानधन प्रतिष्ठानाला दिले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज पाँपिदू यांनी संस्थेचे कोषाध्यक्षपद सांभाळले.

सार्वजनिक जीवन

१९५९ ते १९६९ या काळात एलिझे प्रासादात राहूनही इव्होन प्रसिद्धीपासून दूर राहिल्या. त्या मुलाखती देत नसत. फ्रेंच जनता त्यांना काहीशा थट्टेने, पण आपुलकीने ‘इव्होन मावशी’ म्हणे. कौटुंबिक खर्च हे दांपत्य स्वतःच्या पैशातून करी. २२ ऑगस्ट १९६२ रोजी प्ती-क्लामार येथे त्यांच्या मोटारीवर गोळीबार झाला, त्यातून दोघेही बचावले.

पतीच्या निधनानंतर (१९७०) त्या बराच काळ कोलोंबे-ले-दझेग्लीझ येथील घरी आणि अखेरीस पॅरिसमधील धर्मभगिनींच्या वृद्धाश्रमात राहिल्या. कोलोंबेच्या दफनभूमीत पती आणि अ‍ॅन यांच्यासमवेत त्यांचे दफन करण्यात आले.