दृढता, गतिकीय प्रणालींतील
वर्तुळावरील बिंदू दर वेळी फेऱ्याच्या ठराविक अपरिमेय भागाइतका फिरविल्यास त्याची कक्षा वर्तुळभर दाट पसरते. भाग परिमेय असल्यास ती मोजक्याच बिंदूंची बनते. तिसरी शक्यता नसते. कक्षांवरील अशा बंधनास दृढता म्हणतात.

हा नियम अधिक व्यापक अवकाशांत टिकतो का, या प्रश्नावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महत्त्वाचे कार्य झाले. ली गटांपासून बनणाऱ्या, सांत घनफळाच्या अवकाशांत विशिष्ट प्रवाहांच्या कक्षा नेहमी एखाद्या उपगटाच्या संवृत कक्षेतच दाट पसरतात, अशी अटकळ एम. एस. रघुनाथन यांनी केली. श्रीकृष्ण दाणी यांनी १९८१ मधील निबंधात ती प्रसिद्ध केली व तिला पुष्टी देणारे निष्कर्षही सिद्ध केले.

या अटकळीवर अंकशास्त्रातील एक जुना प्रश्न अवलंबून होता. धन व ऋण अशी दोन्ही मूल्ये घेणाऱ्या द्विघाती राशीचे गुणांक परस्परांशी परिमेय प्रमाणात नसतील आणि चले पुरेशी असतील, तर पूर्णांकांसाठी तिचे मूल्य शून्याच्या हवे तितके जवळ आणता येईल, असे ए. ओपेनहाइम यांनी १९२९ मध्ये सुचविले होते. रघुनाथन यांनी हा संबंध ओळखला. ग्रिगोरी मार्गुलिस यांनी कक्षांच्याच अभ्यासातून हा प्रश्न १९८७ च्या सुमारास सोडविला. मूळ अटकळीची सर्वसाधारण सिद्धता मरीना रॅटनर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली.