ब्लॉक नाही, तरी दुखतं

पर्वतीच्या पायऱ्या चढताना छाती आवळते, म्हणून अँजिओग्राफी होते आणि धमन्या स्वच्छ निघतात. घरचे निर्धास्त होतात, हाती ॲसिडिटीची गोळी पडते आणि पुढच्या चढाला छाती पुन्हा आवळते. अशा रुग्णांत बायकांचं प्रमाण जास्त. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मिळण्यातही त्याच पुढे असाव्यात, अशी मला दाट शंका आहे.

अन्ननलिका, छातीचे स्नायू, फुप्फुसं हीही दुखण्याची खरी कारणं आहेत; ती तपासावीतच. पण या विषयात नव्यानं येणाऱ्यानं आधी अँजिओग्राफीची मर्यादा ओळखावी. १९५८ साली क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स यांच्या हातून ती जवळजवळ अपघातानंच घडली आणि तेव्हापासून आपली नजर मोठ्या धमन्यांवर खिळली. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या तीत दिसत नाहीत. हृदयाच्या स्नायूला किती रक्त पोचणार, हे मात्र बरंचसं तिथंच ठरतं. गरजेच्या वेळी त्या सैलावल्या नाहीत की स्नायू उपाशी राहतो. कधी मोठी धमनीच अचानक आवळते, तीही बऱ्याचदा विश्रांतीत, पहाटेच्या सुमारास. १९५९ साली प्रिन्झमेटल यांनी वर्णन केलं ते हे दुखणं. फोटो काढताना ती धमनी साळसूदपणे मोकळी असते.

वरचं माप ठीक आणि आत बिघाड, हे पुण्याला नवं नाही. इथल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्याशी केली. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. अशा सडपातळ दिसणाऱ्या देहातही मधुमेह शिरतो आणि बारीक वाहिन्या बिघडवतो. त्यामुळे आपल्याकडे तरी हा विषय आडबाजूचा मानता येत नाही.

निदान अवघड नाही, फक्त मुद्दाम करावं लागतं. ॲडेनोसिन देऊन रक्तप्रवाह किती पट वाढतो ते मोजायचं, ॲसिटिलकोलीन देऊन धमनी आवळते का ते पाहायचं. ग्लासगोच्या गटानं २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५१ रुग्णांच्या अशा चाचण्या झाल्या, पण निकाल साधारण निम्म्यांच्याच डॉक्टरांना कळवला. सहा महिन्यांनी, ज्यांचा निकाल कळवला होता त्याच रुग्णांचं दुखणं अधिक कमी झालेलं होतं.

कारण निदानाप्रमाणे औषध बदलतं: बारीक वाहिन्यांच्या दोषात उपयोगी पडणारा बीटा ब्लॉकर आवळणाऱ्या धमनीत उलटू शकतो. तिथं कॅल्शियम चॅनल ब्लॉकर लागतो. या पुस्तकात औषधांचं प्रकरण चाचण्यांच्या मागं ठेवलं आहे ते त्यासाठीच.